नव्या सिस्टरचे पहिले वर्ष

परतवाड्याहून निघालेली एसटी सेमाडोह, हरिसाल मागे टाकून धारणीला पोचते, तेव्हा अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर दूर राहिलेली असते. मध्ये सातपुड्याचे घाट आणि व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. पुढे थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशाची हद्द. मेळघाटातल्या या तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालय आहे. बैरागड, हरिसाल, कळमखार, साद्राबाडी, धुळघाट रेल्वे, बिजुधावडी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ज्याचे भागत नाही, तो रुग्ण आधी धारणीला येतो. धारणीत भागले नाही, तर पुढे अचलपूर, किंवा थेट अमरावतीचे इर्विन रुग्णालय. बाळंतीण असेल तर तिथलेच डफरीन स्त्री रुग्णालय.

अशा रुग्णालयात नुकतीच परीक्षा पास झालेली एखादी मुलगी रुजू होते. कधी मुलगाही असतो, आणि वॉर्ड त्याला 'ब्रदर' म्हणू लागतो. हातात नियुक्तीचा आदेश, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि गाठीशी जीएनएमची तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे. कागदोपत्री ती 'अधिपरिचारिका' झालेली असते. रुग्णासाठी मात्र ती पहिल्या मिनिटापासून 'सिस्टर' असते. आज आलेली सिस्टर कोणती आणि वीस वर्षे काढलेली कोणती, हे खाटेवरच्या माणसाला कळत नाही, आणि त्याने ते ओळखावे अशी अपेक्षाही नाही. तो फरक रुग्णालयाने करायचा असतो.

सरकारी असो वा खासगी, आपल्या बहुतेक रुग्णालयांत तो केला जात नाही. माणसे कमी असतात, ड्युटीचा तक्ता भरायचा असतो, आणि रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत नव्या सिस्टरचे नाव रात्रपाळीला लागते. नर्सिंग कॉलेजांच्या जागा, फी, भरतीची परीक्षा यांवर भरपूर बोलले जाते. कॉलेज संपल्यापासून हात बसेपर्यंतच्या त्या वर्षाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. खरे तर रुग्णाच्या जिवाशी सर्वांत जवळचा संबंध त्या वर्षाचा आहे.

शिकलेले आणि लागणारे

विद्यार्थिनी असताना तिच्या वाट्याला एक-दोन रुग्ण असतात. पाठ्यनिर्देशिका शेजारी उभी असते. इंजेक्शन भरताना कुणाची तरी नजर असते आणि हात चुकला तर तिथेच थांबवले जाते. प्रसूती पाहायची, तर एकाच टेबलाभोवती अनेक जणी उभ्या असतात. प्रत्यक्ष हात लावायला मिळतो एखादीलाच.

नोकरीत हे सगळे एका दिवसात उलटते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, शिवाय रजेसाठी तीस टक्के जागा वेगळ्या हव्यात. सरकारी वॉर्डात आजारी नातेवाइकापाशी एक रात्र ज्याने जागून काढली आहे, त्याला हा निकष आणि समोरचे चित्र यांतले अंतर माहीत आहे. एक सिस्टर, एक मावशी किंवा मामा, आणि भरलेला वॉर्ड.

त्यात अशी अनेक कामे येतात, ज्यांचा पेपर कधी झालेला नसतो. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा, घेताना वीस रुग्णांपैकी कुणाकडे आधी जायचे, हे ठरवणे. ऑक्सिजनचा सिलिंडर सकाळपर्यंत पुरेल का, ते पाहणे. लेबर रूमचा ट्रे लावून ठेवणे, सामानाच्या मागणीचे इंडेंट भरणे, औषधांच्या तारखा तपासणे. डॉक्टरांना रात्री दोनला उठवायचे का, आणि उठवले तर फोनवर नेमके काय सांगायचे. रेफरची चिठ्ठी, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन, नातेवाइकांची समजूत. आणि एखादा रुग्ण दगावला, तर त्या खाटेवरून लगेच दुसऱ्या खाटेकडे वळणे.

एक उदाहरण पुरेसे आहे. गरोदर बाईला झटके येऊ लागले की तिला मॅग्नेशियम सल्फेट द्यायचे, हे प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला तोंडपाठ असते. पहिला डोस दहा ग्रॅमचा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. उत्तरपत्रिकेत हे एका ओळीत मावते. प्रत्यक्षात एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम औषध असते. म्हणजे दहा अँप्युल फोडायच्या, दोन मोठ्या सिरिंज भरायच्या, आणि हे करताना समोरची बाई आकडीने ताठ झालेली, सासू दारात ओरडत असलेली. ज्या नर्सने हे एकदा अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभे राहून केले आहे, तिचे हात पुढच्या वेळी चालतात. जिने फक्त वाचले आहे, तिचे हात थांबतात. दोघींची गुणपत्रिका सारखीच असू शकते.

या धक्क्याला नाव मिळाले

ही अडचण एकट्या मेळघाटाची नाही, एकट्या आपल्या देशाचीही नाही. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली, तेव्हा मुली वॉर्डातच शिकत. रुग्णालय त्यांच्याकडून भरपूर राबवून घेई, पण शिकणे आणि काम करणे यांत भिंत नव्हती. विसाव्या शतकात नर्सिंगचे शिक्षण हळूहळू कॉलेजांत गेले. ते गरजेचेच होते, कारण औषधे, यंत्रे आणि जबाबदाऱ्या वाढल्या होत्या. पण त्याबरोबर वर्ग आणि वॉर्ड यांच्यात फट पडली.

अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर यांनी १९७४ साली या फटीवर पुस्तक लिहिले. नव्या नर्स नोकरी का सोडतात, याचा शोध घेताना त्यांना आढळले की कॉलेजने शिकवलेली मूल्ये आणि रुग्णालयाची कामाची रीत यांची टक्कर होते. प्रत्येक रुग्णाकडे नीट लक्ष द्यायचे असे कॉलेज सांगते. वॉर्डात मात्र वेळेत किती कामे उरकली, याला किंमत असते. पहिल्या काही आठवड्यांचा उत्साह ओसरला की धक्का बसतो. राग, थकवा, 'आपल्याला काहीच येत नाही' ही भावना. सांभाळून घेणारे कुणी असेल तर नर्स त्यातून बाहेर येते. नसेल तर ती नोकरी सोडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे नोकरीत राहून मनाने सुटते. 'रिअॅलिटी शॉक' हा क्रेमर यांचा शब्द आज जगभर वापरला जातो.

दहा वर्षांनी, १९८४ साली, पॅट्रिशिया बेनर यांनी दुसरी महत्त्वाची गोष्ट मांडली. नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या. नवी नर्स नियमांच्या आधाराने चालते. अनुभवी नर्सला रुग्ण 'बिघडतोय' हे रक्तदाब उतरण्याच्या आधीच दिसते. ही नजर पुस्तकातून येत नाही, तशी ती नुसत्या वर्षांनीही येत नाही. पाहिलेल्या रुग्णांवर कुणाशी तरी बोलून, 'इथे तुला काय दिसले, मला काय दिसले' असे ताडून ती तयार होते. म्हणून नव्या नर्सला निष्णात नर्सच्या हाताखाली नव्हे, शेजारी ठेवायचे असते.

धारणीची जास्तीची परीक्षा

अमरावती, अकोल्यासारख्या शहरात नव्या सिस्टरला अडचण आली, तर मजल्यावर कुणीतरी अनुभवी माणूस सापडतो. धारणीत आणि त्याहून आतल्या आरोग्य केंद्रांत तीच अडचण मोठी होते, कारण अंतर मध्ये उभे असते. पुढे पाठवलेल्या रुग्णाला तासन् तास घाटातून जायचे असते. त्यामुळे निघण्याआधीच्या अर्ध्या तासात सिस्टरने काय केले, यावर वाटेतले सगळे अवलंबून राहते.

दुसरी अडचण भाषेची. मेळघाटातला मोठा समाज कोरकू आहे, आणि कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. बाईला कळा कधीपासून आहेत, बाळ दूध ओढते का, लघवी झाली का, हे तीन प्रश्न विचारता आले नाहीत, तर चार वर्षांचे शिक्षण खाटेपाशी येऊन अडते. हिंदी-मराठीत काम भागते, पण घाबरलेली पहिलटकरीण दुखणे सांगते ते स्वतःच्या बोलीत.

तिसरी अडचण आजारांची. १९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले आणि १९९५ पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. कुपोषणावरचे काम तेव्हापासून चालू आहे, आणि अतितीव्र कुपोषित मूल आजही इथल्या सिस्टरसमोर येते. ज्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी, असे हे मूल. शहरात शिकलेली नवी नर्स जुलाब झालेले, सुकलेले मूल पाहिले की सलाइन लावायला धावते. इथे तोच हात घात करू शकतो. कुपोषित मुलाचे हृदय दुबळे असते, शिरेतून वेगाने गेलेले पाणी ते सोसत नाही. म्हणून शॉक नसेल तर पाणी आणि दूध तोंडावाटे किंवा नळीने द्यायचे, दर दोन तासांनी थोडे थोडे, रात्रीही. मूल गार पडू द्यायचे नाही, साखर उतरू द्यायची नाही. दोन वाजताचा घोट चुकला, तर चार वाजता मूल हातचे जाऊ शकते. हे ज्ञान पुस्तकात आहे. पण दोनचा घोट का चुकवायचा नाही, हे ते मूल जवळून पाहिलेली सिस्टरच नव्या मुलीच्या मनात उतरवू शकते.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचेही तसेच. अंगभर वेदनांनी कळवळणारा तरुण वरवर धडधाकट दिसतो, ताप नसतो, जखम नसते. ज्या नर्सने हा आजार पाहिलेला नाही, तिला तो कांगावा वाटू शकतो. ज्या नर्सने पाहिलेला आहे, ती आधी वेदनाशामक, पाणी आणि पांघरूण बघते.

आणि चौथी अडचण विश्वासाची. आजारी बाळ बऱ्याचदा आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे, नेले जाते. बाळाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा अजून पुरती गेलेली नाही. असे चटके घेऊन आलेले बाळ पाहून नव्या सिस्टरचा संताप होणे साहजिक आहे. पण ती आईवर ओरडली, तर ती आई पुढचे बाळ रुग्णालयात आणणार नाही, आणि शेजारणीलाही आणू देणार नाही. त्या क्षणी काय बोलायचे, हेही शिकण्याचेच काम आहे. धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेने सरकारी रुग्णालयांत स्थानिक समुपदेशक बसवले, ते याच कारणाने. रुग्ण आणि रुग्णालय यांच्यात बोलीतले माणूस असले, की घाबरून निघालेली आई थांबते.

या भागात येण्याआधी स्वतःला तयार करण्याचे उदाहरण मेळघाटातच आहे. पद्मश्री डॉ. रवींद्र कोल्हे १९८०च्या दशकात बैरागडला आले. त्याआधी काही महिने त्यांनी मुंबईत तीन गोष्टी मुद्दाम शिकून घेतल्या होत्या: साधनांशिवाय प्रसूती करणे, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणे आणि सलाइनशिवाय जुलाबाचा रुग्ण वाचवणे. तरीही बैरागडच्या अनुभवातून त्यांना आपले शिक्षण अपुरे वाटले, आणि ते एम.डी. करायला परत गेले. मग पुन्हा आले. डॉक्टरला जे कळले आणि करता आले, ते नव्या नर्सला करायचे तर तिच्या एकटीच्या हातात नसते. तिला कुठे, किती दिवस, कुणाबरोबर ठेवायचे, हे कार्यालय ठरवते.

ज्यांनी वाट काढली

अमेरिकेत २००२ पासून अनेक रुग्णालयांनी नव्या नर्ससाठी वर्षभराची 'रेसिडेन्सी' सुरू केली. डॉक्टरांची असते तशीच: पगार पूर्ण, पण सुरुवातीला जबाबदारी अनुभवी नर्सबरोबर वाटून, आणि ठरावीक काळाने सगळ्या नव्यांना एकत्र बसवून बोलायला वेळ. स्कॉटलंडने २००६ मध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या सर्व नव्या नर्ससाठी 'फ्लाइंग स्टार्ट' कार्यक्रम आणला. जपानने तर कायद्यातच बदल केला. एप्रिल २०१० पासून नव्या नर्सला प्रशिक्षण देण्यासाठी झटणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरले.

हे श्रीमंत देशांचे झाले, असे कुणी म्हणेल. बिहारचे उदाहरण घेऊ. तिथे राज्य सरकार आणि केअर इंडिया ही संस्था यांनी 'अमानत' नावाचा कार्यक्रम राबवला. अनुभवी नर्सची जोडी आरोग्य केंद्रात जाऊन राही आणि तिथल्या नर्सबरोबर प्रत्यक्ष ड्युटी करी. वर्गात बसवून शिकवण्याऐवजी लेबर रूममध्येच सराव होई. एक जण खास शिवलेली पँट घालून बाळंतीण होई, रक्तस्राव सुरू झाल्याचे नाटक होई, आणि बाकीच्यांनी खऱ्यासारखी धावपळ करायची. नंतर बसून बोलायचे: ऑक्सिटोसिन कुणी दिले, किती वेळ गेला, कोण कुणाशी बोललेच नाही. उत्तर कर्नाटकात, म्हणजे आपल्या सीमेला लागून असलेल्या बिदर, गुलबर्गा, विजापूर या भागातही नर्सनेच नर्सला शिकवण्याचा असा प्रकल्प प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला.

आणि महाराष्ट्रातला अनुभव तर याहून जुना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे जगाला कळले. त्या यशात इंजेक्शन आणि बाळाला श्वास देणारा पिशवी-मास्क जितके महत्त्वाचे, तितकीच महत्त्वाची होती शिकवण्याची पद्धत. कौशल्य एकेक करून दिले गेले, आणि डॉक्टर दर पंधरवड्याला गावात जाऊन काम तपासत, चूक तिथेच सुधारत. फार न शिकलेल्या बाईला एवढी सोबत मिळाली तर ती बाळ वाचवते. मग चार वर्षे शिकलेल्या नर्सला तेवढीही सोबत का मिळू नये?

आपल्या व्यवस्थेत काय आहे, काय नाही

अगदीच काही नाही, असे नाही. बी.एस्सी.च्या २०२१ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात शेवटचे सत्र इंटर्नशिपचे आहे. जीएनएमच्या शेवटच्या वर्षातही सहा महिने इंटर्नशिपचे असतात. नोकरीत आल्यावर कुशल प्रसूतीसेवेचे २१ दिवसांचे प्रशिक्षण आहे, नवजात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण २००९ पासून आहे, आणि २०१७ पासून लेबर रूमची गुणवत्ता तपासणारा 'लक्ष्य' कार्यक्रम आहे. ही प्रशिक्षणे चांगली आहेत.

पण ती रुजू होण्याच्या दिवसाला बांधलेली नाहीत. प्रशिक्षणाची तुकडी निघेल तेव्हा नंबर लागतो; तोवर नव्या सिस्टरने किती प्रसूती एकटीने केल्या, याचा त्याच्याशी संबंध नसतो. बाळ जन्मल्यावर रडले नाही, तर पहिल्या मिनिटात श्वास सुरू करून द्यावा लागतो. ते मिनिट प्रशिक्षणाच्या तारखेसाठी थांबत नाही.

कंत्राटी नेमणुकीने यात भर पडते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या नर्सचा करार मुदतीचा असतो. जी उद्या असेल की नाही ठाऊक नाही, तिला शिकवण्यात वेळ घालवावा असे वरिष्ठांना वाटत नाही, आणि शिकून इथेच राहावे असे तिलाही वाटत नाही. खासगी रुग्णालयांत बाँड आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे ही नव्या नर्सची जुनी तक्रार. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने खासगीतल्या नर्सला किमान वीस हजार रुपये पगाराची शिफारस केली. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर राहिली. आठ-दहा हजारांत रात्रपाळ्या करणारी मुलगी पहिली संधी मिळताच जाते, आणि तिच्या जागी आणखी एक नवी येते. वॉर्डात नेहमी पहिल्या वर्षातलीच नर्स दिसते, त्याचे हे कारण.

वरिष्ठांचीही बाजू समजून घ्यायला हवी. परिसेविकेवर, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरवर, वॉर्ड, साठा, नोंदवह्या, तपासण्या आणि व्हीआयपी भेटी असा सगळा भार असतो. नवी मुलगी शिकवायची, हे तिच्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेले नसते आणि त्याचे श्रेय तिच्या गोपनीय अहवालात उमटत नाही. मग शिकवण्याची जागा रागावणे घेते. 'एवढेही येत नाही? कॉलेजात काय केले?' हे वाक्य ऐकलेली नर्स पुढच्या वेळी विचारत नाही, अंदाजाने करते. औषधाच्या चुका तिथे होतात.

धारणीसारख्या ठिकाणी काय करता येईल

यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो एक लेखी निर्णय, आणि तो पाळण्याची शिस्त.

पहिली गोष्ट, रुजू होताच नव्या सिस्टरचे नाव एका अनुभवी सिस्टरशी जोडावे. नावानिशी, आदेशात लिहून. दोघींची पाळी पहिले काही आठवडे एकच असावी. त्या अनुभवी सिस्टरला त्या काळात रुग्ण थोडे कमी द्यावेत, आणि वर्षाअखेरी तिच्या अहवालात या कामाची नोंद व्हावी. पहिला महिना नव्या सिस्टरला एकटीने रात्रपाळी नसावी. ज्या आरोग्य केंद्रात दोनच जणी आहेत, तिथे तिला पाठवण्याआधी हा महिना उपजिल्हा रुग्णालयात काढू द्यावा.

दुसरी गोष्ट, मेळघाटात जाण्याआधी अमरावतीत काही आठवडे. डफरीनच्या लेबर रूममध्ये आणि इर्विनच्या वॉर्डांत रोज जितके रुग्ण येतात, तितके धारणीत महिनोन् महिने दिसणार नाहीत. झटके, रक्तस्राव, न रडणारे बाळ, सर्पदंश: हे सगळे आधी गर्दीत आणि सोबतीत पाहून घेतले, की एकटीने पाहताना हात थांबत नाही. याचा दुसरा फायदाही आहे. पुढे रात्री धारणीहून फोन केला, की पलीकडचा आवाज ओळखीचा असतो.

तिसरी गोष्ट, ओव्हर आणि फोन यांची ठरलेली पद्धत. रुग्णाला आत्ता काय होते आहे, आधीची हकीकत काय, तपासून काय दिसले, आणि माझ्या मते काय करायला हवे: या चार गोष्टी याच क्रमाने सांगायच्या. जगभर ही पद्धत वापरतात, ती साधी आहे म्हणून. चौथा मुद्दा नव्या नर्सला सर्वांत अवघड जातो, कारण 'डॉक्टर, तुम्ही यायला हवे' असे म्हणायची तिला सवय नसते. ते म्हणायची परवानगी आहे, हे वैद्यकीय अधीक्षकांनी पहिल्या दिवशी तिला स्वतः सांगावे.

चौथी गोष्ट, आठवड्यातून एकदा अर्धा तास सराव. लेबर रूममध्येच, हातातल्या सामानासह. ट्रे कुठे आहे, ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे ना, पिशवी-मास्कचा मास्क बाळाच्या मापाचा आहे ना, हे सरावातच उघडे पडते. एखादा रुग्ण दगावला, तर दोन-तीन दिवसांत सगळ्यांनी बसून त्यावर बोलावे. दोषी शोधायला नव्हे, वाट कुठे अडली ते पाहायला.

पाचवी गोष्ट बोली. आशा, समुपदेशक आणि गावच्या मुली यांच्याकडून कामापुरते कोरकू पहिल्या तीन महिन्यांत शिकता येते. दुखते कुठे, कधीपासून, घाबरू नका, जोर लावा, बाळ छान आहे. एवढी वाक्ये आली, तरी लेबर रूममधले वातावरण बदलते. याहून पुढचा उपाय म्हणजे मेळघाटातल्याच मुलींना नर्सिंगला पाठवणे आणि त्यांना इथेच नेमणे. त्यांच्यापुरती ही अडचण पहिल्या दिवसापासूनच सुटलेली असते.

आणि राहायची सोय. रात्रपाळी संपवून सुरक्षित खोलीत झोप मिळत नसेल, तर वर सांगितलेले काहीच टिकणार नाही. नवी नर्स गाव सोडून जाते, तेव्हा कारण बहुतेक वेळा वॉर्डात नसते; बंद दाराच्या, पाणी असलेल्या खोलीच्या अभावात असते.

या सगळ्याचा हिशेब मांडला, तर खर्चाची बाजू किरकोळ निघते. काही आठवड्यांचा पगार, काही पाळ्यांची फेररचना, काही खोल्यांची दुरुस्ती. त्या बदल्यात मिळते ती टिकणारी नर्स, आणि तिच्या हातून जगणारे रुग्ण. पुढची भरती जाहीर होईल, तेव्हा सार्वजनिक आरोग्य विभागाने नियुक्तीच्या आदेशातच सोबतीच्या सिस्टरचे नाव आणि पहिल्या तीन महिन्यांचा कार्यक्रम छापावा. मेळघाटापासून त्याची सुरुवात करावी. ज्यांच्या घरचे कुणी रुग्णालयात आहे, त्यांनीही एवढे करावे: इंजेक्शन भरण्याआधी लेबल दुसऱ्यांदा वाचणाऱ्या, 'थांबा, विचारून येते' म्हणणाऱ्या नव्या सिस्टरवर ओरडू नये. ती तिचे काम बरोबर करते आहे.